मुहूर्तावर जन्मलेल्या पेट्या

या, पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात तर शब्द कानावर पडतील, आत उतरणार नाहीत. कीर्तनाला मी कधी मागे बसले नाही. बुवांच्या पायाशी सतरंजीचं जे टोक असतं, ते माझं. तसे तुम्ही माझ्याजवळ बसा. गोष्ट सांगते. देवाची नाही, पण देवाला साक्ष ठेवून सांगते. आणि गोड नाही, हे आधीच कानावर घालते; नंतर म्हणू नका, अनसूयाकाकीनं फसवलं.

कुपवाडला दामूअण्णांच्या कारखान्यात त्या दिवशी गुरुजी वेळेवर आले नाहीत, तिथून सुरुवात.

दामूअण्णा म्हणजे दामोदर लाटकर. आमच्या दत्ताच्या देवळात कीर्तनाला टाळ धरायचे. बुवांची लय सुटेल, पण अण्णांचा टाळ सुटायचा नाही. पोटापाण्याला छोटी यंत्रं बनवायचे. त्या दिवशी लांब टेबलावर पेट्यांची रांग मांडली होती. जेवणाच्या डब्याएवढी एकेक पेटी, वर टाइप करायला बटणं, कोपऱ्यात दिवा, बाजूला चाळणीसारखी भोकं. प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीवर जास्वंद.

पेटीचं डोकं होतं शबाना मुजावरचं. दर्ग्याच्या मागच्या गल्लीतली मुलगी, पुण्याला शिकून परत आलेली. ती अण्णांना समजावत होती.

"अण्णा, नुसतं बटण दाबून चालायचं नाही. पहिल्यांदा सुरू केली की पेटीला थोडा वेळ ऐकू द्या. पोट भरलं की हिरवा दिवा लागतो. मग ती आपली किल्ली घडवते."

"किल्ली कसली गं?" मी विचारलं.

"तुम्ही लिहिलेला निरोप कुलपात घालायची, काकी. निरोप वाटेत कुणाच्याही हाती लागेल, पण उघडेल तो ज्याला धाडला त्याच्याच पेटीच्या किल्लीनं. प्रत्येक पेटीची किल्ली वेगळी हवी, आणि कुणाला अंदाजानं सापडणार नाही अशी हवी. पण यंत्र बिचारं सांगकाम्या. स्वतःच्या मनानं त्याला काही सुचत नाही. म्हणून बीज बाहेरून द्यायचं. पंख्याची घरघर, कुणी खोकलं, कुणी हसलं, भांडं पडलं. जे तसंच्या तसं पुन्हा कधी घडणार नाही, असं काहीतरी."

"म्हणजे हिला आपली बडबड चारायची?"

"चारायचीच!"

"मग ही अनसूयावहिनींजवळ ठेवा," अण्णा म्हणाले. "पोट फुटेल तिचं."

सगळे हसले. शबानाला मिशन हॉस्पिटलात वडिलांना न्यायचं होतं. जाताना दारातून तिनं पुन्हा बोट नाचवलं, "दिवा लागेपर्यंत थांबायचं बरं का, अण्णा," आणि ती गेली.

गुरुजी आले ते घाम पुसत. रेल्वेचं फाटक पडलं होतं, मालगाडी निघता निघत नव्हती. मुहूर्त टळून गेला होता. अण्णांचं तोंड उतरलं, पण क्षणभरच.

"गुरुजी, फाटक रेल्वेचं असेल, घड्याळ तर आपलंच आहे ना?" ते म्हणाले. "बाप उशिरा पोचला म्हणून लेकरांचा जन्म उशिराचा का लावायचा?" आणि त्यांनी टेबलाभोवती फिरून एकेका पेटीचं घड्याळ मागे सारलं, बरोबर मुहूर्तावर आणून ठेवलं. मागच्या बाजूला काही खाटखूट केलं. शंख वाजला. मुख्य बटण दाबलं, आणि रांगेतले सगळे हिरवे दिवे एका दमात लागले. दिवाळीच जणू. आरती मीच म्हटली. पेढे वाटले.

त्यातली एक पेटी आमच्या घराला अण्णांनी फुकट दिली, दुसरी बार्शीला गोदूताईंना, त्या तिकडे आमचंच काम करायच्या. बाकीच्या गिऱ्हाइकांकडे गेल्या. साखर कारखान्यांच्या कचेऱ्या, दोनतीन गोदामं, असं.

आमचं घर म्हणजे मायघर. मनासारखं लग्न केलं म्हणून ज्यांच्या जिवावर माहेर उठलेलं असतं, त्या मुलींना आम्ही तिथे ठेवायचो. आणि मागावरची माणसं जवळ आली की एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायचो. कुठली गाडी, कुठे उतरायचं, घ्यायला कोण येणार, हे फोनवर बोलायची सोय नव्हती. फोनला कान असतात. म्हणून पेटी.

वृषाली आली ती जत तालुक्यातून, अंगावरच्या कपड्यांनिशी. महेंद्रशी तिनं नोंदणी लग्न केलं होतं. तो दुसऱ्या जातीचा. तिच्या भावानं, संताजीनं, पोराच्या बरगड्या मोडल्या आणि बहिणीला निरोप धाडला की आता तुझी पाळी. महेंद्र बार्शीला गोदूताईंच्या ओळखीत लपून बरा होत होता. वृषालीला त्याच्यापर्यंत पोचवायचं, एवढंच आमचं काम.

पण ती गप्प बसणारी नव्हती. घरात कोंडून घेऊन मुली रडतात. ही माझ्या पदराला धरून, तोंडावर ओढणी घेऊन कीर्तनाला यायची. आणि टाळी! एक टाळी आधी, नाहीतर एक नंतर. सगळं देऊळ तालात आणि ही आपली वेगळीच. अण्णा वैतागायचे.

"पोरी, टाळी वाजवतेस का भाकरी थापतेस?"

"अण्णा, भाकरी तरी गोल होते माझी," ती म्हणायची. "आणि देवाला ऐकू गेल्याशी कारण. सगळ्यांच्या टाळ्या एकदम पडल्या तर त्याला कळायचं कसं, वृषाली आलीय म्हणून?"

बुवा हार्मोनियमवर हात ठेवून हसले होते. "राहू दे रे दामू. तिची हजेरी वेगळी लागते."

बार्शीला न्यायचं ठरलं तेव्हा आधी बेत होता सांगोल्याच्या स्टँडवर उतरायचा. आदल्या दिवशी स्टँडवर कुणी जतची पोरं दिसली असं कळलं. मी बेत बदलला. सकाळी मिरजेच्या स्टँडवर, गाडी सुटता सुटता, तिच्या कानात सांगितलं, "सांगोल्याला उतरू नकोस. गाव ओलांडलं की विटांच्या भट्ट्या लागतात, तिथला फाटा. गोदूताई पांढऱ्या जीपमध्ये."

"काकी, आता तुमच्या कीर्तनात टाळी कोण चुकवणार?"

"नीट बस. ओढणी घे तोंडावर."

"घेते हो. महेंद्रला सांगू का, काकींनी मला गाभुळलेल्या चिंचा दिल्या, तुला नाही?"

गाडी गेली. मी घरी आले आणि तोच निरोप पेटीत लिहिला, गोदूताईंसाठी. भट्ट्यांचा फाटा, निळी ओढणी. हिरवा दिवा लुकलुकला. निरोप कुलपात बसून गेला.

म्हणजे फाटा कुणाला ठाऊक? मला, तिला, गोदूताईंना. चौथं माणूस नाही.

गोदूताईंची जीप पोचायच्या आधी संताजी तिथे उभा होता.

मी जास्त सांगणार नाही. कीर्तनात बुवासुद्धा काही जागी नुसती झांज वाजवून पुढे जातात. गोदूताईंना लांबून ओढणी दिसली. त्यांना वाटलं, पोरगी हात करतेय. जवळ गेल्या तर ओढणी बाभळीच्या काट्याला अडकून वाऱ्यानं हलत होती. वृषाली खाली होती, भट्टीच्या राखेत. संताजी पळाला नाही. दगडावर बसून होता. गोदूताईंना म्हणाला, "तुम्हाला उशीर झाला, बाई."

दोन दिवसांनी आमच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो होतो. पोलीस येऊन गेले होते. गोदूताई बार्शीहून आल्या होत्या, त्यांची पेटी मांडीवर घेऊन, जशी अस्थींची घ्यावी. दामूअण्णा चुलीपाशी पाटावर. दोन दिवसांत म्हातारे दिसायला लागले होते. आत तीन मुली कोंडलेल्या. त्यांतल्या सुगंधाला दुसऱ्या दिवशी सकाळी हलवायलाच हवं होतं, कारण तिच्या चुलत्याची मोटारसायकल समोरच्या पानपट्टीशी दोनदा येऊन थांबली होती. पण कुठून कुठे न्यायचं, हे आता सांगायचं कशात? भिंतीसुद्धा फितूर झाल्यासारखं वाटत होतं. मी गोदूताईंकडे बघायची, गोदूताई माझ्याकडे, आणि दोघी नजर वळवायचो. असा संशय म्हणजे काय असतो, देवानं वैऱ्याला दाखवू नये.

शबाना दारात आली. चप्पल काढायला वाकली तेवढ्यात अण्णा बोलले.

"तूच बनवलीस ना ती? मग तुलाच उघडता येत असेल."

ती तशीच वाकलेली राहिली.

"अण्णा!" मी म्हटलं.

"वहिनी, मी लेकीसारखी मानली हिला. पण पेटीत दोष नाही. मुहूर्तावर जन्मलेली वस्तू आहे, गुरुजींच्या हातची. दोष असेल तर तो माणसात शोधा."

शबाना आत आली. डोळे लाल होते, पण आवाज शांत. "मला येत नाही उघडता, अण्णा. तशीच बनवलीय मी. बनवणाऱ्यालाही येऊ नये, यालाच कुलूप म्हणतात." मग थांबून म्हणाली, "पण तुम्ही काय म्हणालात? मुहूर्तावर?"

"मग? दहा वाजून बावीस. उशीर झाला, पण मी घड्याळं मागे घेतली. एकूण एक पेटीचा जन्म त्याच क्षणाचा."

"सगळ्यांची? तीच वेळ?"

"तीच. सेकंदसुद्धा इकडे तिकडे नाही." त्या दुःखातही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. देवा, तो अभिमान मला अजून ऐकू येतो.

"आणि हिरवा दिवा लागेपर्यंत थांबलात?"

अण्णांनी चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

"अण्णा, थांबलात ना?"

"अगं, शंख वाजला होता... गुरुजींना पुढे वास्तुशांत होती. तू मागे तो चाचणीचा खटका ठेवलायस ना, तो वर केला की दिवा लगेच लागतो. तूच दाखवला होतास."

शबानानं गोदूताईंच्या मांडीवरची पेटी उचलून उलटी केली, मागचा खटका बघितला. मग म्हणाली, "एखादी कोरी पेटी आहे का, त्या दिवशी रांगेत नसलेली? कधी सुरूच न केलेली?"

अण्णांच्या गाडीत एक होती. आणली. ओट्यावर पोळपाटाच्या शेजारी तीन पेट्या मांडल्या. माझी, गोदूताईंची, कोरी. तिनं कोऱ्या पेटीचा खटका वर केला, घड्याळ अण्णांच्या मुहूर्तावर नेलं आणि सुरू केली. दिवा झटकन हिरवा.

"खटका वर असला की पेटी काही ऐकत नाही," ती म्हणाली. "मग तिच्यापाशी बीज म्हणून एकच गोष्ट उरते, घड्याळातली वेळ. काकी, तुमचा शेवटचा निरोप. तुमच्या पेटीतून या पेटीला किल्ली दिलेली नाही, बघा. वाटेवरून जाणारा बंद लिफाफा जसा असतो, तसा मी तो हिच्यासमोर ठेवतेय."

तिनं बटण दाबलं.

कधी कुणाच्या हातात न गेलेल्या त्या पेटीवर माझी अक्षरं उमटली. सांगोला सोडून पुढे. विटांच्या भट्ट्यांचा फाटा. निळी ओढणी.

आत सुगंधा पाणी भरत होती, कळशीचा आवाज येत होता.

अण्णाच बोलले शेवटी, पत्रिका वाचावी तसे. "एका क्षणी जन्मलेल्यांची कुंडली एक." मग माझ्याकडे बघून, "वहिनी, मी सगळ्यांना एकच किल्ली दिली. साखर कारखान्याला, गोदामांना... ज्याच्याकडे पेटी, त्याला आपलं सगळं..."

आणि पुढे खटल्यात तेच निघालं. एका कारखान्याच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळणारा पोरगा संताजीच्या वर्गातला. त्याला सहज लक्षात आलं की आपल्या पेटीत दुसऱ्यांचे निरोपही उघडतात. गंमत म्हणून वाचायचा. मग एक दिवस त्यानं मित्राला विचारलं, "तुझ्या बहिणीचं नाव वृषालीच ना?"

पण हे नंतर. त्या घटकेला अण्णा उठले, भिंतीचा आधार घेत शबानापाशी गेले आणि तिच्या पायाला हात लावायला वाकले. तिनं हात धरले त्यांचे.

"नको, अण्णा. खटका मीच ठेवला होता. तपासणीला सोपं जावं म्हणून."

"मला चौकीत ने," ते म्हणाले. "सगळं सांगतो."

"जाऊ. पण आधी सुगंधाचं बघू. या दोन पेट्यांना नव्यानं जन्माला घालायचंय, संध्याकाळच्या आत. खटका मी कापून टाकते. पण गप्प घरात पोट भरायला वेळ लागेल. माणसं हवीत. खूप माणसं, खूप आवाज."

मी म्हटलं, "आज एकादशी आहे. चारला कीर्तन."

शबाना आमच्या देवळात त्या दिवशी पहिल्यांदा आली. डोक्यावरून ओढणी घेऊन, दोन्ही पेट्या छातीशी धरून. मी बुवांच्या कानात सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांच्या कपाळावरचा बुक्का घामानं ओघळत गेला. त्यांनी पेट्या देवासमोर नाही ठेवल्या. लोकांच्या मधोमध ठेवल्या, सतरंजीवर. प्रल्हादाचं आख्यान लावलं होतं. ज्या घरात जन्मला, त्याच घरानं ज्याला मारायला घेतलं, ते लेकरू. बुवा सांगत होते आणि मला पुढचं ऐकवेना. त्याच्या हाकेला खांब फुटला. आमच्या पोरीच्या हाकेला बाभळसुद्धा हलली नाही.

नामगजर सुरू झाला. सगळं देऊळ टाळ्या वाजवू लागलं. शबाना माझ्याकडे वाकली.

"काकी, दिवा हळू चढतोय. तुमची माणसं फार तालात आहेत. एक टाळी ऐकली की पुढची कधी येणार ते पेटीला आधीच कळतं. तिला न कळणारं हवं."

मी बुवांकडे पाहिलं. चाळीस वर्षं ज्या माणसानं आम्हाला ताल शिकवला, त्यानं हात वर करून गजर थांबवला.

"मंडळी," बुवा म्हणाले, "आपल्यात एक मुलगी यायची. तिची टाळी चुकायची. आपण हसायचो. आज तिच्यासारखी टाळी वाजवा. शेजाऱ्याची ऐकू नका. मनात येईल तेव्हा. ताल मोडा. हे पाप असेल तर माझ्या नावावर."

सांगते तुम्हाला, ताल धरण्यापेक्षा मोडणं अवघड. लोक वाजवायचे आणि दोन क्षणांत पुन्हा एक व्हायचे, पाण्यानं उताराकडे जावं तसे. सगळ्यांत हाल अण्णांचे. ते पेट्यांजवळ टाळ घेऊन बसले होते. हात उचलायचे, चुकवायचं ठरवायचे, आणि टाळ नेमका समेवर पडायचा. पुन्हा उचलायचे, पुन्हा समेवर. आयुष्यभराची पुण्याई हाताला चिकटलेली, सुटेना. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग त्यांनी टाळ खाली ठेवले. दोन्ही हात मोकळे केले. आणि भाकरी थापावी तशी टाळी वाजवली. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन, घाईघाईनं. आणि भोकांपाशी तोंड नेऊन म्हणाले, "वृषाली."

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "वृषाली." दुसरी म्हणाली. कुणी मोठ्यानं, कुणाचा आवाज अर्ध्यात तुटला, एक म्हातारा नाव चुकून विशाली म्हणाला. टाळ्या, खोकले, हुंदके, एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. पावसाळी पत्र्यासारखं झालं देऊळ. शबाना पेट्यांवर वाकून होती. तिनं मान वर केली आणि नुसती हलवली.

दोन्ही दिवे लागले होते. एकदम नव्हे. एक आधी, एक नंतर.

सुगंधा दुसऱ्या दिवशी गेली आणि पोचली. अण्णा त्याच संध्याकाळी शबानाबरोबर चौकीत गेले. विकलेली एकेक पेटी त्यांनी परत आणली आणि हातोड्यानं फोडली. टाळ त्यांनी पुन्हा धरले नाहीत. कीर्तनाला यायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे. महेंद्र एकदा येऊन गेला. पोलिसांकडून परत आलेल्या तिच्या पिशवीतल्या चिंचा मी त्याला दिल्या. त्यानं त्या खाल्ल्या नाहीत, रुमालात बांधून घेतल्या.

झाली गोष्ट. आरतीचं तबक फिरायच्या आधी एक मागणं आहे. मुहूर्त बघू नका, आत्ताच घ्या. तिचं एकदा नाव घ्या, वृषाली. पण सगळ्यांनी मिळून नको. ज्याला जेव्हा जमेल तेव्हा, मागेपुढे, चुकत. म्हणजे देवाला कळेल, ती आलीय.